ट्रान्सफॉर्मरपुढे "२५ केए, ३ सेकंद" लिहून भागत नाही

प्रश्न असा आला आहे: बेळगावजवळच्या एका औद्योगिक वसाहतीसाठी ११०/११ केव्हीचं (११० हजार व्होल्टचा पुरवठा ११ हजारांवर आणणारं) उपकेंद्र उभारायचं आहे. २० एमव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, खाली फौंड्र्यांचे आणि मशीन शॉपचे फीडर, शिवाय एक फीडर उघड्या तारांनी खेड्यांकडे जाणारा. टेंडरच्या मसुद्यात ट्रान्सफॉर्मरपुढे "शॉर्टसर्किट क्षमता २५ केए, ३ सेकंद" एवढंच लिहिलं आहे (केए म्हणजे हजार अँपिअर). ते पुरेल का?

नाही. ते वाक्य ब्रेकरच्या, म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यावर वीज तोडणाऱ्या स्विचच्या, पॅनलचं आहे, तिथून उचलून ट्रान्सफॉर्मरपुढे चिकटवलेलं. पॅनलमधून किती करंट जाईल हे पॅनल ठरवत नाही, म्हणून त्याला आकडा द्यावा लागतो. ट्रान्सफॉर्मर मात्र स्वतःच्या इम्पिडन्सने, म्हणजे अंतर्गत अडथळ्याने, करंट अडवतो. त्याला टिकाव धरायचा असतो तो त्याच्यातून प्रत्यक्ष जाऊ शकणाऱ्या करंटपुढे, आणि तो आकडा हिशेबाने काढावा लागतो.

हिशेब करू. २० एमव्हीए, ११ केव्ही बाजूला पूर्ण भाराचा करंट १०५० अँपिअर. इम्पिडन्स १० टक्के धरा, ११० केव्ही बसची (लाइन जिथे जुळतात त्या सामाईक पट्टीची) फॉल्ट लेव्हल, म्हणजे तिथे शॉर्टसर्किट झाल्यास जाळं देऊ शकेल ती ताकद, ३००० एमव्हीए धरा. २० एमव्हीएच्या मापात मागच्या जाळ्याचा इम्पिडन्स २० भागिले ३०००, म्हणजे ०.६७ टक्के. एकूण १०.६७ टक्के. ११ केव्ही टर्मिनलवर तिन्ही फेज जुळले तर ट्रान्सफॉर्मरमधून ९.८४ केए जाईल, पूर्ण भाराच्या सव्वानऊ पटींहून थोडा जास्त. २५ केए या ट्रान्सफॉर्मरमधून कधी जाणारच नाहीत. म्हणजे उत्पादकाने त्या ओळीपुढे "मान्य" लिहिलं, तरी त्यातून तुम्हाला काहीच मिळालेलं नसतं.

११० केव्हीची फॉल्ट लेव्हल अंदाजाने लिहू नका. केपीटीसीएलकडून (कर्नाटकच्या वीज पारेषण कंपनीकडून) आजचा आकडा लेखी घ्या आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जवळपास नवी लाइन किंवा मोठा ट्रान्सफॉर्मर येणार असेल तर वाढीव आकडाही मागा. काहीच न लिहिल्यास आयईसी ६००७६-५ या आंतरराष्ट्रीय मानकातला ठरावीक आकडा लागू होतो. १२३ केव्ही वर्गासाठी तो ६००० एमव्हीए आहे. तो धरला तर आपल्या उदाहरणात करंट ९.८४ वरून १०.१६ केए होतो. फरक लहान आहे, कारण अडवण्याचं बहुतेक काम ट्रान्सफॉर्मरच करतो.

आता "३ सेकंद". उष्णतेची भीती लोकांना जास्त वाटते, पण मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उष्णता हा खरा शत्रू नाही. तांब्यातली करंटची घनता दर चौरस मिलिमीटरला २.५ अँपिअर असेल, तर शॉर्टसर्किटमध्ये ती साधारण २३.४ होते. मानकातल्या सूत्रात हे घातलं आणि वाइंडिंग (तांब्याचे वेढे) आधीच १०५ अंशांवर आहे असं धरलं, तर २ सेकंदांत तापमान सुमारे ७ अंशांनी वाढतं, ३ सेकंदांत ११ अंशांनी. तेलातल्या तांब्याच्या वाइंडिंगला मर्यादा २५० अंशांची आहे. म्हणजे तीन सेकंद मागून तुम्ही काही वाढीव कमावत नाही. मानकात २ सेकंद आहेत, ते पुरेसे आहेत.

जीव घेतो तो यांत्रिक जोर. करंट दुप्पट झाला की जोर चौपट होतो. शिवाय फॉल्ट व्होल्टेजच्या शून्याजवळ सुरू झाला, तर पहिल्या अर्ध्या सायकलमध्ये करंट एका बाजूला कलतो. या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरसाठी हे शिखर आरएमएसच्या (करंटच्या परिणामी मूल्याच्या) २.५५ पट धरतात: ९.८४ केएचे २५.१ केए. रोजच्या भारातल्या शिखराशी तुलना केली तर हे जवळपास १७ पट, आणि जोर २८० पटींहून जास्त. हा सगळा दणका फॉल्ट झाल्यापासून १० मिलिसेकंदांच्या आसपास बसतो. रिले आणि ब्रेकर कितीही चांगले असले, तरी फॉल्ट तोडायला ६० ते १०० मिलिसेकंद लागतात. पहिला घाव वाइंडिंगला स्वतःच सोसावा लागतो. त्यानंतरचे किती घाव बसतील एवढंच ब्रेकरच्या हातात असतं.

हा जोर दोन दिशांनी येतो. आडवा जोर बाहेरच्या कॉइलला फुगवतो आणि आतल्या कॉइलला कोअरच्या बाजूला चेपतो. बाहेरच्या कॉइलचं तांबं ताणात असतं, ते बरंच सोसतं. आतली कॉइल म्हणजे बहुतेक वेळा ११ केव्हीची. ती दाबात असते, आणि दाबातली गोष्ट अचानक वाकते. दोन आधारपट्ट्यांमधला भाग आत बसतो, नाही तर एका जागी पूर्ण वाइंडिंग मोडतं. उभा जोर दोन्ही कॉइलची उंची आणि वेढ्यांची वाटणी तंतोतंत जुळत नसेल तिथे वाढतो. मग डिस्क कलंडतात, वरची क्लॅम्पिंग रिंग उचलली जाते, स्पेसर निसटतात. टॅपचे वेढे (व्होल्टेज कमी-जास्त करण्यासाठी जोडायचे-काढायचे वेढे) मुख्य वाइंडिंगच्या मध्यात ठेवले असतील, तर शेवटच्या टॅपवर तिथे पोकळी पडते आणि तोल बिघडतो. म्हणून टॅपचं वाइंडिंग वेगळं आणि पूर्ण उंचीचं मागा, आणि इम्पिडन्स मधल्या टॅपवर तसाच दोन्ही टोकांच्या टॅपवरही लिहून घ्या.

इम्पिडन्स किती घ्यावा, यावर थोडं थांबायला हवं, कारण सगळी किंमत इथे ठरते. आयएस २०२६ भाग ५ या भारतीय मानकात क्षमतेनुसार किमान टक्केवारी दिली आहे. ६.३ ते २५ एमव्हीएसाठी ती ८ टक्के आहे, म्हणजे २० एमव्हीएला १० टक्के हा सर्रास दिसणारा आकडा त्या मर्यादेच्या वरच आहे. १२.५ टक्के घेतले तर करंट ९.८४ वरून ७.९७ केएवर येतो आणि जोर सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. वरवर पाहता सौदा चांगला वाटतो. पण पूर्ण भारावर ०.८ पॉवर फॅक्टरला व्होल्टेजची घट साधारण ६ टक्क्यांवरून ७.५ टक्क्यांवर जाते, आणि ट्रान्सफॉर्मर स्वतः खातो तो रिॲक्टिव्ह भार २ एमव्हीएआरवरून अडीचवर. टॅप चेंजर १.२५ टक्क्यांच्या पायऱ्यांचा असेल तर घट सांभाळता येते. फौंड्रीच्या इंडक्शन फर्नेसमधून येणाऱ्या हार्मोनिक्समुळे (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या लहरींमुळे) होणारी व्होल्टेजची विकृती मात्र इम्पिडन्सबरोबर वाढते. उद्यमबाग, मच्छे या पट्ट्यात जिथे भट्ट्यांचा भार मोठा आहे, तिथे हा मुद्दा कागदावरचा राहत नाही.

आणखी एक गोष्ट टेंडर काढणारे सहसा विचारत नाहीत: इम्पिडन्स वाढवला कसा? दोन कॉइलमधलं अंतर वाढवून तो वाढतो, आणि कॉइलची उंची कमी करूनही वाढतो. उंची कमी केली तर दर मीटर उंचीत अँपिअर-टर्न जास्त येतात, मधलं चुंबकीय क्षेत्र तीव्र होतं, आणि करंट कमी करून जे कमावलं त्यातलं बरंचसं आडव्या जोराच्या रूपात परत जातं. म्हणून नुसती टक्केवारी पाहून दोन प्रस्ताव तोलू नका. वाइंडिंगची उंची, मधलं अंतर आणि मोजलेला ताण हे तिन्ही आकडे मागा.

दोन ट्रान्सफॉर्मर समांतर चालवण्याबद्दल एक गैरसमज आहे, की त्यामुळे ट्रान्सफॉर्मरवर जास्त ताण येतो. इम्पिडन्स सारखा असेल तर उलट होतं. बसवरचा एकूण फॉल्ट करंट १८.५ केए होतो, पण तो दोघांत वाटला जाऊन प्रत्येकी ९.२६ केए, म्हणजे एकट्यापेक्षा कमी. अडचण येते ती पॅनलला. जुन्या ११ केव्ही पॅनलवर ३५० एमव्हीए लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ १८.४ केए. म्हणजे बस कपलर (दोन बस जोडणारा ब्रेकर) जोडताच पॅनलची मर्यादा ओलांडली गेली. त्यात इम्पिडन्सला कारखान्यात सूट असते: १० टक्के किंवा जास्त असेल तर कमी-जास्त ७.५ टक्क्यांची. दोन्ही ट्रान्सफॉर्मर खालच्या टोकाला, म्हणजे ९.२५ टक्क्यांचे निघाले, तर बसवर १९.८ केए येतात. हिशेब नेहमी सुटीच्या खालच्या टोकाने करा. आणि दोघांचे इम्पिडन्स वेगळे असतील, तर कमीवाला जास्त भार घेतो आणि जास्त मारही खातो. दुसरा ट्रान्सफॉर्मर चार वर्षांनी घेणार असाल, तर पहिल्याचा मोजलेला आकडा त्या टेंडरमध्ये घाला.

चिकोडी, निपाणी, अथणीकडचे वाचक हाच प्रश्न साखर कारखान्याच्या बाजूने विचारतील, म्हणून तेही सांगतो. ११ केव्ही बसवर २० एमव्हीएचा टर्बोजनरेटर असेल आणि त्याचा सबट्रान्झिएंट रिॲक्टन्स (फॉल्टच्या पहिल्या क्षणीचा अडथळा) १५ टक्के असेल, तर तो स्वतः ७ केए देतो. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर आणि त्यावर हा जनरेटर: २५.५ केए. नवं २५ केएचं पॅनलही अपुरं पडलं. उसाच्या हंगामात जनरेटर चालू असताना बस कपलर उघडा ठेवायचा, की जनरेटरच्या वाटेत रिॲक्टर (करंट रोखणारी कॉइल) घालायचा, हे खरेदीच्या आधी ठरवावं लागतं. ट्रान्सफॉर्मरच्या टेंडरमध्येही दोन्ही बाजूंनी पुरवठा आहे हे स्पष्ट लिहा, कारण ११० केव्ही बाजूचा फॉल्ट आता खालून भरला जाणार आहे.

एकफेजी फॉल्टही विसरू नका. उघड्या लाइनवर बहुतेक फॉल्ट जमिनीचेच असतात. डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरचा स्टार बिंदू थेट जमिनीला जोडलेला असेल, तर टर्मिनलजवळचा एकफेजी करंट तीनफेजीपेक्षा जास्त होऊ शकतो. उदाहरणार्थ ३३/११ केव्ही, ५ एमव्हीए, ७.१५ टक्के, मागे ५०० एमव्हीए: तीनफेजी ३.२ केए, एकफेजी सुमारे ३.४ केए. स्टार-स्टार ट्रान्सफॉर्मरमध्ये स्थिरतेसाठी डेल्टा वाइंडिंग दिलं असेल, तर एकफेजी फॉल्टमध्ये त्यात फिरणारा करंट काढून घ्या. हे वाइंडिंग बाहेर काढलेलं नसतं, त्यावर भार नसतो, म्हणून ते बारीक ठेवण्याचा मोह होतो, आणि तेच आधी मोडतं.

आता टेंडरमध्ये खरोखर काय मागायचं. सगळ्यात मजबूत पुरावा म्हणजे त्याच डिझाइनची प्रत्यक्ष शॉर्टसर्किट चाचणी. आपल्याकडे ती सीपीआरआयच्या (केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या) बेंगळुरू आणि भोपाळच्या प्रयोगशाळांत होते. या गटात, म्हणजे अडीच ते शंभर एमव्हीएमध्ये, तीनफेजी ट्रान्सफॉर्मरला एकूण नऊ घाव देतात, प्रत्येकी पाव सेकंदाचे: मधल्या फेजवर मुख्य टॅप, बाहेरच्या दोन्हींवर टोकाचे टॅप. आधी आणि नंतर मोजलेला रिॲक्टन्स गोल कॉइलमध्ये २ टक्क्यांपेक्षा जास्त बदलता कामा नये. मग टाकीतून बाहेर काढून वाइंडिंग आणि लीड पाहतात, आणि नेहमीच्या चाचण्या पुन्हा करतात.

प्रमाणपत्र पुढे आलं की नुसता शिक्का पाहू नका. ते तुमच्या ट्रान्सफॉर्मरला लागू आहे का, हे तपासा. मानकाच्या मते "सारखा" ट्रान्सफॉर्मर म्हणजे चाचणी झालेल्याच्या ३० ते १३० टक्के क्षमतेचा, त्याच प्रकारच्या रचनेचा आणि वाइंडिंगचा, आणि ज्यातला उभा जोर आणि ताण चाचणीवाल्याच्या १२० टक्क्यांवर जात नाही असा. ही तुलना तक्त्यात मागा: कंडक्टरचा प्रकार, तांब्याची प्रूफ स्ट्रेस (ज्या ताणापुढे तांबं कायमचं वाकतं तो आकडा), आधारपट्ट्यांची संख्या, क्लॅम्पिंग रिंगचं साहित्य. १० एमव्हीएचं प्रमाणपत्र दाखवून २० एमव्हीए विकला जात असेल, तर तो २०० टक्के झाला. ते चालणार नाही.

चाचणी परवडत नसेल तर हिशेबाने पडताळणी घ्या, पण आकड्यांसकट. आतल्या डिस्क किंवा हेलिकल कॉइलमधला दाबाचा सरासरी ताण साध्या पट्टीसाठी प्रूफ स्ट्रेसच्या ३५ टक्क्यांच्या आत, आणि रेझिनने चिकटलेल्या सीटीसी (अनेक बारीक पट्ट्या गुंफून केलेल्या) कंडक्टरसाठी ६० टक्क्यांच्या आत असायला हवा. या एका फरकामुळे ११ केव्ही वाइंडिंगला चिकटणारा सीटीसी मागणं हा पैशाचा उत्तम उपयोग आहे. त्यासाठी थोडे जास्त पैसे पडले तरी द्या, ही माझी ठाम शिफारस. तांब्याची प्रूफ स्ट्रेस कमीत कमी किती हवी ते लिहा आणि गिरणीचं प्रमाणपत्र मागा.

टाकी बंद होण्याआधी कारखान्यात माणूस पाठवा. प्रेसबोर्ड आधीच दाबून घेतलेला आहे का, स्पेसर एका रेषेत आहेत का, सुकवल्यानंतर वाइंडिंग पुन्हा दाबून क्लॅम्प आवळले का आणि किती दाबाने, हे नोंदवून घ्या. सुकताना कागद आणि बोर्ड आकसतात. त्यानंतर पुन्हा आवळलं नाही, तर पहिल्या दिवसापासूनच वाइंडिंग सैल असतं. आणि ११ केव्ही लीडकडे खास लक्ष द्या. कॉइल सहीसलामत, पण बुशिंगकडे (तार टाकीबाहेर काढणाऱ्या इन्सुलेटरकडे) जाणाऱ्या पट्ट्या एकमेकींवर आपटून तुटलेल्या, असं उघडलेल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दिसतं. एकाच दिशेने जाणाऱ्या दोन पट्ट्यांमधलं क्लीटचं (पट्ट्या धरणाऱ्या आधारांचं) अंतर किती, बोल्ट अधातूचे आहेत का, लॉक केले आहेत का, ते हाताने तपासा.

ट्रान्सफॉर्मर पुण्या-मुंबईकडून येणार असेल, तर कोल्हापूर-निपाणी मार्गाने तवंदी घाट उतरून-चढूनच येतो. तिन्ही अक्षांचा इम्पॅक्ट रेकॉर्डर लावूनच आणा. एसएफआरए (वाइंडिंग आतून हललं का हे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींवर तपासणारी चाचणी) कारखान्यात घ्या, त्याच जोडणीने आणि त्याच टॅपवर जागेवर पुन्हा घ्या. हा आलेख पुढच्या पंचवीस वर्षांचा आधार आहे. तो नसेल तर मोठ्या फॉल्टनंतर तुलना कशाशी करणार?

इतकं सगळं करूनही बाहेरचे घाव कमी करणं तुमच्याच हातात राहतं, आणि आपल्या भागात ते खूप असतात. एप्रिल-मेचा वळीव, मग खानापूर-जांबोटीकडचा धो धो पाऊस, झाडांच्या फांद्या, वर वाढलेला ऊस, लाइनखालून जाणाऱ्या उंच भरलेल्या ट्रॉल्या. इथे एक हिशेब लक्षात ठेवा. ११ केव्हीची रॅबिट एसीएसआर (स्टीलचा गाभा असलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेची) लाइन दर किलोमीटरला सुमारे ०.५४ ओहम रोध आणि ०.३५ ओहम रिॲक्टन्स घालते. उपकेंद्राच्या दारात फॉल्ट झाला तर ९.८४ केए. एक किलोमीटरवर ५.६ केए, जोर दारातल्याच्या एक तृतीयांशापेक्षा कमी. पाच किलोमीटरवर १.७५ केए, जोर तीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ट्रान्सफॉर्मरला मोडणारे फॉल्ट बहुतेक पहिल्याच किलोमीटरात होतात. खेड्यांकडच्या त्या फीडरची पहिली किलोमीटरभर वाट एक्सएलपीई केबलने किंवा इन्सुलेशनवाल्या तारेने करा. यार्डात ११ केव्ही बुशिंग आणि बसला उष्णतेने आकसणारी नळी चढवा, साप, खार, पक्षी यांच्यासाठी अडथळे लावा. याला लागणारा पैसा नव्या वाइंडिंगपुढे काहीच नाही.

फीडर ट्रिप झाला की लगेच पुन्हा चार्ज, पुन्हा ट्रिप, पुन्हा चार्ज, ही सवय वाइंडिंग सैल करते. जवळच्या फॉल्टवर तात्काळ चालणाऱ्या रिलेने ट्रिप झाला असेल, तर लाइनमनने पहिला किलोमीटर पाहिल्याशिवाय चार्ज करायचा नाही, असा लेखी नियम ठेवा. आणि डीसी बॅटरी. ती उतरली की ब्रेकर हलत नाही, आणि ०.१ सेकंदात संपणारा फॉल्ट ११० केव्हीचा बॅकअप येईपर्यंत दीड-दोन सेकंद चालतो: पाच सायकलऐवजी पाऊणशे ते शंभर सायकल. ट्रिप कॉइलवर देखरेख करणारा रिले प्रत्येक ब्रेकरला हवा. टॅप चेंजर फॉल्टच्या वेळी हलू नये म्हणून ओव्हरकरंट ब्लॉकिंगही हवं.

शेवटी, मोठा फॉल्ट होऊन गेल्यावर. न्युमेरिकल रिलेतून करंट आणि वेळ लिहून घ्या. पूर्ण शॉर्टसर्किट करंटच्या ७० टक्क्यांहून जास्तीचा घाव, किंवा डिफरन्शियल (आत-बाहेरचा करंट तोलणारा) नाही तर बुखोल्झ (तेलातला वायू टिपणारा) रिले चाललेला असेल, तर चार्ज करण्याआधी एसएफआरए, फेजनिहाय लीकेज रिॲक्टन्स, मॅग्नेटायझिंग करंट, वाइंडिंगचा रोध, कॅपॅसिटन्स आणि तेलातले वायू, हे सगळं करा. एका फेजचा रिॲक्टन्स कारखान्यातल्या आकड्यापासून २ टक्क्यांपलीकडे सरकला आणि त्याच फेजचा एसएफआरए आलेखही हलला, तर इन्सुलेशन रेझिस्टन्स कितीही चांगला आला तरी चार्ज करू नका. वाकलेल्या वाइंडिंगचा मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्सचं माप) अगदी झकास येऊ शकतो, कारण कागद अजून फाटलेला नसतो. पुढच्या घावाला तो फाटेल.